चेंडू आमच्या पायाशी, तिजोरी दुसऱ्याच्या घरी

फुटबॉल हा गरिबाचा खेळ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऐकले ते खोटे नाही. क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात, ग्लोव्हज लागतात. टेनिसला तर बांधलेले कोर्टच लागते. फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते. मानवतसारख्या तालुक्याच्या गावी कापसाची वेचणी संपली की रिकाम्या वावरात पोरे चेंडू घेऊन उतरतात. दोन दगड इकडे, दोन दगड तिकडे, झाला गोल. पायात बूट असो वा नसो, खेळ थांबत नाही.

परंतु हाच गरिबाचा खेळ आज जगातील मोठ्या धंद्यांपैकी एक झाला आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलच्या नेमार या खेळाडूला पॅरिसच्या क्लबाने बार्सिलोनाकडून २२ कोटी २० लाख युरोला घेतले. त्या वेळच्या दराने ही रक्कम सोळाशे कोटी रुपयांच्या वर जाते. आमच्या मोंढ्यात कापसाचा भाव क्विंटलमागे दोनशे रुपयांनी उतरला तर घरात लेकराच्या शाळेची फी पुढच्या महिन्यावर जाते. अशा घरातला मुलगा मोबाईलवर नेमारचा खेळ बघतो आणि त्यालाही वाटते की आपल्याही पायात जादू आहे, आपलेही नशीब असे उघडेल.

त्या मुलाला स्वप्न बघू नको असे आम्ही सांगणार नाही. स्वप्न बघण्याचा हक्क बाबासाहेबांनी आम्हाला मिळवून दिला आहे. पण फुटबॉलमधला हा पैसा येतो कोठून, जातो कोठे, आणि आमच्या वस्तीपर्यंत पोहोचायच्या आधी तो कोठे अडतो, हे आई-बापांनी समजून घेतले पाहिजे. त्यासाठी हा लेख.

एका बापाचा प्रश्न

मानवतच्या मोंढ्यात हमाली करणाऱ्या एका बांधवाने आम्हाला विचारले, "माझा पोरगा चौदा वर्षांचा आहे. चांगला खेळतो. शहरातल्या एका अकादमीने ट्रायल घेतली आणि निवड झाली म्हणाले. आता वर्षाची फी लाखाच्या पुढे सांगतात. पोरगा दोन दिवस जेवला नाही. घरच्यांचे म्हणणे, बचत गटातून कर्ज काढू. काय करावे?"

हा प्रश्न एकट्या मानवतचा नाही. परभणी, नांदेड, हिंगोली, जालना, कोठेही जा, असे घर सापडेल. उत्तर देण्याआधी थोडे मागे जाऊन इतिहास पाहावा लागेल. तो इतिहास आपल्याच जुन्या मुलखाचा आहे.

पोलिसांची टीम आणि मोच्याने शिवलेले बूट

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या हैदराबादेत फुटबॉलची मोठी परंपरा होती. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक जिंकून आला. त्या सुवर्णपदकाच्या संघातला तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला मुलगा. बूट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून पोलिसांच्या टाकून दिलेल्या जुन्या बुटांच्या कातड्यातून त्याने मोच्याकडून खेळायचे बूट करून घेतले होते.

या संघातल्या खेळाडूंना कोट्यवधी रुपये मिळत नव्हते. त्यांना मिळत होती पोलिसाची नोकरी. सकाळी सराव, मग ड्यूटी, महिन्याला पगार, आणि पाय थकल्यावर पेन्शन. खेळ संपला तरी घर चालत होते.

मुंबईतही तीच रीत होती. १८९१ ला सुरू झालेल्या रोव्हर्स चषकात कूपरेजच्या मैदानावर टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, एअर इंडिया असे संघ खेळले. गिरणी असो, तेल कंपनी असो की रेल्वे असो, चांगला खेळणाऱ्या मुलाला तेथे नोकरी मिळत असे. या व्यवस्थेत जातीचा पक्षपात नव्हता असे आम्ही म्हणत नाही. ज्या मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आमच्या माणसाला धाग्याला हात लावू देत नसत, त्या गिरण्यांकडून फार मोठ्या न्यायाची अपेक्षा कोण करील? तरीही रेल्वे, पोलीस, बँक, सरकारी कंपन्या येथे आरक्षण होते, कायदा होता, युनियन होती. गरिबाच्या मुलाला पाय टेकायला जागा होती.

कंपनी सोडून गेली, मागे कोण राहिले?

भारतात राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ ला सुरू झाली आणि २००७ ला तिची आय-लीग झाली. पूर्णवेळ पगारावर खेळणारे क्लब हवेत, असे वारे वाहू लागले. खेळाडूला चांगला पैसा मिळावा ही गोष्ट चांगलीच. पण त्याबरोबर एक बदल हळूच झाला. नोकरी गेली आणि कंत्राट आले.

मुंबईचा महिंद्र युनायटेड हा १९६२ पासूनचा संघ. २००५-०६ ला त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. चारच वर्षांनी, २०१० ला, कंपनीने तो संघ बंद केला. संघ हरत होता म्हणून नाही, तर कंपनीने आपला पैसा दुसरीकडे वळवायचे ठरवले म्हणून. २०१३ ला एअर इंडिया आणि ओएनजीसी हे मुंबईचे दोन संघ आय-लीगबाहेर गेले. नव्या परवाना नियमांप्रमाणे क्लब ही हिशेब-ठिशेब वेगळा असलेली स्वतंत्र संस्था हवी होती. सरकारी कंपनीच्या नोकरदारांचा संघ त्या चौकटीत बसला नाही. कागदावर हा नियम शिस्तीचा वाटतो. पण त्याचा परिणाम असा झाला की ज्या दारातून गरिबाचा मुलगा पक्क्या नोकरीत शिरत होता, ते दार देशातल्या वरच्या स्पर्धेपुरते बंद झाले.

आता पुण्याचे उदाहरण पाहा. पुणे एफसी हा पिरामल समूहाचा क्लब २००७ ला निघाला. भारत एफसी हा कल्याणी समूहाचा क्लब २०१४ ला निघाला आणि एकच हंगाम खेळून बंद झाला. डीएसके शिवाजियन्स हा बांधकाम व्यावसायिकाच्या पैशावर आय-लीगमध्ये आला आणि २०१७ नंतर तेथून नाहीसा झाला. एफसी पुणे सिटी २०१४ ला इंडियन सुपर लीगमध्ये उतरला आणि २०१९ ला मिटला. एकाच शहरात बारा वर्षांच्या आत चार क्लब राष्ट्रीय पातळीवर खेळले आणि चारही गेले. मुंबई एफसीचेही तेच, २००७ ला सुरू आणि २०१७ ला बंद.

एफसी पुणे सिटीची जागा २०१९ ला हैदराबाद एफसी या नव्या क्लबाने घेतली. या क्लबाने २०२१-२२ चा सुपर लीगचा चषक जिंकला. हैदराबादला जुने दिवस परत आले असे लोकांना वाटले. पण पुढच्या दोन वर्षांत पैशाची चणचण सुरू झाली, पगार थकले, खेळाडू सोडून गेले आणि थकबाकीपायी नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली. मालक बदलला, आणि २०२५ ला तो क्लब उचलून दिल्लीला नेण्यात आला. पुण्याहून हैदराबाद, हैदराबादहून दिल्ली! मोंढ्यातला आडत्या दुकानाचे बिऱ्हाड हलवतो तसा हा क्लब हलला. ज्या पोरांनी त्याच्या नावाचा सदरा घालून गल्लीत घोषणा दिल्या, त्यांना कोणी विचारले काय?

सिटी पोलिसांचा संघ आणि हैदराबाद एफसी, दोन्ही एकाच शहराचे. पहिल्याच्या मागे खाते होते आणि खेळाडूला नोकरीचा आधार होता. दुसऱ्याच्या मागे गुंतवणूकदार होता आणि त्याचा पैसा आटताच खेळाडूचा पगार आटला.

एक करार संपला आणि सारी लीग थांबली

२०१० च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला. रक्कम ७०० कोटी रुपये. देशाच्या फुटबॉलचे व्यापारी हक्क एका कंपनीच्या हाती गेले. २०१४ ला इंडियन सुपर लीग निघाली. चित्रपटातले तारे, क्रिकेटवाले, उद्योगपती मालक झाले. परदेशातून नावाजलेले खेळाडू आले, दिवे लागले, मैदाने हिरवी झाली. खेळाडूंचे मानधन वाढले आणि मुलांना टीव्हीवर आपल्या देशाचे खेळाडू दिसू लागले. हे सारे झाले ते नाकारून चालणार नाही.

परंतु ज्या घराचा एकच खांब असतो, त्या घरात वादळाच्या रात्री कोणाला झोप येत नाही. २०२५ च्या डिसेंबरमध्ये हा करार संपणार होता. पुढे काय याचा निर्णय वेळेवर झाला नाही, म्हणून २०२५ च्या जुलैमध्ये लीग स्थगित झाली. ऑगस्टमध्ये बंगळुरूसारख्या मोठ्या क्लबाने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवत असल्याचे जाहीर केले. महासंघाने व्यापारी हक्कांसाठी निविदा काढली, तर नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही. मुंबई सिटी एफसीमध्ये २०१९ ला ६५ टक्के हिस्सा घेणारा सिटी फुटबॉल ग्रुप, ज्याच्या पाठीशी अबुधाबीचा पैसा आहे, २०२५ च्या डिसेंबरमध्ये हिस्सा सोडून निघून गेला. हा क्लब तोवर दोनदा सुपर लीगचा चषक जिंकलेला होता. शेवटी २०२६ च्या फेब्रुवारीत लीग लहान करून कशीबशी सुरू झाली.

या काळात मोठ्या खेळाडूंनी कळ सोसली असेल. पण क्लबाचा मैदान सांभाळणारा माळी, कपडे धुणारा, बस चालवणारा, मालीश करणारा यांचे काय? ही माणसे कोणत्या समाजातून येतात हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

विलायतेतही तेच, फरक इतकाच

कोणी म्हणेल, हे भारतातच घडते. तसे नाही. इंग्लंडमध्ये १९९२ ला प्रीमियर लीग निघाली आणि टीव्हीच्या पैशाचा पूर आला. पहिल्या पाच वर्षांचा टीव्हीचा करारच ३० कोटी ४० लाख पौंडांचा होता. पैसा वरच्या क्लबांत साचला, खालचे क्लब सुकत गेले. १८८५ ला स्थापन झालेला बरी हा गिरणगावचा क्लब कर्जात बुडाला आणि २०१९ ला त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. तीन-तीन पिढ्या ज्यांनी त्याच मैदानावर शनिवार घालवला, ती कामगार माणसे बंद फाटकाबाहेर उभी राहिली.

खेळाडूच्या बाजूनेही एक लढाई झाली. बेल्जियमचा जाँ-मार्क बोस्मन हा साधा खेळाडू. त्याचा करार संपला तरी जुना क्लब पैसे घेतल्याशिवाय त्याला सोडीना. तो न्यायालयात गेला. १९९५ च्या डिसेंबरमध्ये युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की करार संपल्यावर खेळाडू मोकळा आहे, त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. या निकालाने पुढच्या पिढीतले खेळाडू श्रीमंत झाले. एका माणसाने कायदा हाती धरला तर काय होते ते यावरून दिसते.

आणि संघटित माणसे काय करतात तेही पाहा. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा धनदांडग्या क्लबांनी आपली स्वतंत्र सुपर लीग जाहीर केली. इंग्लंडमधले प्रेक्षक रस्त्यावर उतरले, आपल्याच क्लबाच्या दारात उभे राहून घोषणा दिल्या. तीन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब मागे फिरले. जर्मनीत तर नियमच आहे की क्लबातली निम्म्याहून अधिक मते, थोडे अपवाद सोडता, सभासदांकडे राहिली पाहिजेत. पैसेवाल्याने पैसा घालावा, पण मालकी सभासदांची.

चेंडू कोण शिवतो?

आतापर्यंत क्लबांचे झाले. आता चेंडूचे पाहू. हाताने शिवलेला चेंडू बत्तीस तुकड्यांचा असतो. भारतात हा धंदा मुख्यतः पंजाबात जालंधरला आणि उत्तर प्रदेशात मेरठला आहे. जालंधरच्या वस्त्यांत घराच्या ओट्यावर बसून, आरीने भोके पाडून, दोन सुयांनी हे तुकडे शिवणारे हात बहुतांश दलितांचे. ज्या जातींना कातड्याला हात लावतात म्हणून अस्पृश्य ठरवले, त्यांच्याच कातडीकामाच्या हातोटीवर हा धंदा उभा राहिला. मजुरी नगावर. बायका शिवतात, मुले मदत करतात. १९९० च्या दशकात पाकिस्तानातील सियालकोट आणि आपले जालंधर येथे लहान मुले चेंडू शिवतात, याचा जगभर बोभाटा झाला. १९९७ ला सियालकोटसाठी अटलांटा येथे करार झाला आणि पुढे जालंधरच्या कारखानदारांनाही देखरेखीची व्यवस्था करावी लागली.

याच जालंधरला १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब गेले होते. तेथील बूटा मंडी ही कातड्याच्या व्यापारातून उभी राहिलेली वस्ती आजही बाबासाहेबांचे नाव मानाने घेते. तेथील कष्टकऱ्याचा चेंडू पुढे दुकानात दसपटीने विकला जातो, आणि त्या दसपटीतला मोठा वाटा शिवणाऱ्याकडे येत नाही. २००६ पासून विश्वचषकाचे चेंडू शिवण्याऐवजी उष्णतेने चिकटवून तयार होऊ लागले. आता सुईवरची ही मजुरीही आटत चालली आहे.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मनमाडहून जी गाडी निघते ती आपल्या मानवत रोड स्टेशनावरून पुढे जाते. तो विचारही आमच्या गावावरून तसाच पुढे जाऊ नये, येथे उतरला पाहिजे. फुटबॉलमध्येही हे दोन शत्रू एकत्रच काम करतात. शिवणारा कोण, मैदान झाडणारा कोण आणि खुर्चीत बसणारा कोण, हे ठरवायला जात पुरते. पगार कधी थांबवायचा हे पैसा ठरवतो.

नागपूरची झुंड

निराश होण्याचे कारण नाही. आमच्या महाराष्ट्रातच दुसरी वाट दाखवणारे काम झाले आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून स्लम सॉकर ही चळवळ उभी राहिली. तेथे प्रवेशाला फी नव्हती, आधी खेळ होता. येथली मुले बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. २०१६ ला फिफाने या संस्थेला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांनी यावरून केलेला 'झुंड' हा चित्रपट २०२२ ला आला, आणि त्यात भीमजयंतीचा जल्लोष पडद्यावर पाहून आमच्या वस्त्यांतल्या किती माणसांचे डोळे भरले ते आम्ही जाणतो. बारसे सरांकडे सातशे कोटींचा करार नव्हता. मुलांवर विश्वास होता आणि सातत्य होते.

शासनाचेही काम पूर्ण विसरून चालणार नाही. २०१७ ला आपल्या देशात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा १५ सप्टेंबर २०१७ ला महाराष्ट्रात 'मिशन वन मिलियन' राबवून शाळांना चेंडू वाटले गेले. त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. त्याची सुरुवात लाखाची फी भरून झाली नव्हती. प्रश्न इतकाच की चेंडू वाटून झाल्यावर शिक्षक कोण देणार, आणि एक दिवस संपल्यावर तीनशे चौसष्ट दिवस कोण पाहणार?

तर मग त्या बापाने काय करावे?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. निवड झाली म्हणून फी मागणाऱ्या अकादमीसाठी कर्ज काढू नका. ज्या क्लबाला मुलगा खरोखर हवा असतो तो त्याला राहणे, जेवण, शाळा देतो. मुलाच्या बापाकडून लाख रुपये मागणारी जागा क्लब नसून शिकवणी वर्ग आहे. ऐपत असेल त्याने जरूर लावावा. पण बचत गटाचे कर्ज म्हणजे दहा बायांच्या घामाचा पैसा. तो असा अडकवू नये. परदेशात खेळवतो असे सांगणारा भेटला तर अधिकच सावध व्हा. अठरा वर्षांखालील मुलाची दुसऱ्या देशात बदली करण्यास, थोडे अपवाद सोडता, फिफाची बंदी आहे. एजंटांसाठी २०२३ पासून फिफाची परीक्षा आणि परवाना आहे. परवाना दाखवा म्हणावे, निम्मे पळून जातील.

मग मार्ग कोणता? पहिला मार्ग शाळेचा. सुब्रतो चषक ही शालेय स्पर्धा १९६० पासून चालू आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत जिल्हा, विभाग, राज्य असे टप्पे ओलांडून शाळेचा संघ देशपातळीवर जातो. मुलांचे पंधरा आणि सतरा वर्षांखालील गट आहेत, मुलींचा सतरा वर्षांखालील गट आहे. आपल्या शाळेने संघाची नोंद केली की नाही, हे पालकांनी जूनमध्येच मुख्याध्यापकांना विचारावे. दुसरा मार्ग शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचा. तिच्या चाचण्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे करावी.

तिसरी गोष्ट प्रमाणपत्राची. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ते अनुसूचित जातीच्या जागांतही लागू होते. मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि त्याची क्रीडा खात्याकडून पडताळणी, ही दोन कागदे पेटीत जपून ठेवा. एखाद्या मुलाला सुपर लीग मिळणार नाही, पण पोलीस शिपायाची, तलाठ्याची नोकरी या कागदाने मिळू शकते. त्यासाठी दहावी-बारावी-पदवी लागते. म्हणून चेंडूपायी पुस्तक सुटता कामा नये. जो कोच पोराची शाळा बुडवतो, तो कोच आपला नव्हे.

वस्तीचा क्लब, वस्तीचा हक्क

चौथी गोष्ट आमच्या मंडळांसाठी. फिफाचा एक नियम फार थोड्यांना माहीत आहे. करार संपण्याआधी खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात पैसे मोजून गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवले त्यांच्यात वाटायचे असतात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक हंगामाला मूळ रकमेच्या पाव टक्का, पुढच्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. समजा, एखादा मुलगा एक कोटी रुपयांना परदेशी क्लबात गेला आणि बारा ते पंधरा असे चार हंगाम तो गावच्या क्लबात खेळलेला आहे, तर त्या क्लबाला एक लाख रुपये मिळाले पाहिजेत. त्या पैशात वर्षभराचे चेंडू, बूट, जाळी, सारे येईल.

परंतु हा पैसा नोंदणी असलेल्या क्लबालाच मिळतो. गावच्या मैदानावर खेळलेल्या वर्षांची नोंदच नसेल, तर ती वर्षे कागदावर घडलीच नाहीत. पैसा मग शहरातल्या क्लबाकडे जातो. आमचे श्रम मोजले न जाण्याची ही जुनीच तऱ्हा आहे. तेव्हा जयंती मंडळाने, विहाराच्या समितीने एक क्रीडा मंडळ रीतसर नोंदवावे, जिल्हा फुटबॉल संघटनेमार्फत राज्याच्या संघटनेशी जोडून घ्यावे आणि प्रत्येक मुलाची महासंघाकडे नोंद करावी. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एक दिवसाचा खर्च वाचवला तर हे काम सहज होईल.

लेकींनाही मैदान

शेवटची गोष्ट मायमाउल्यांसाठी. मुलीला चेंडू द्यायला घर कचरते. शॉर्ट घालून खेळेल, लोक काय म्हणतील? पण हिशेब पाहा. २०२३ ला महासंघाने ठरवले की महिलांच्या राष्ट्रीय लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा. महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या घरात ही रक्कम जाते. पुरुषांच्या कोटींपुढे ही फार थोडी आहे, आणि ती थोडी का, असा सवालही आपण विचारला पाहिजे. तरी ठरलेली किमान रक्कम ही मोठी गोष्ट आहे. गिरणीत असो की शेतात, किमान वेतनासाठी आपली माणसे किती लढली ते आठवा. नोकरीतले ५ टक्के मुलींनाही आहेत आणि सुब्रतो चषकही मुलींना आहे. नसतो तो फक्त घरातून मिळणारा होकार.

फुटबॉलमधला पैसा वाईट म्हणून मुलाला मैदानावरून ओढून आणू नका. पैशाची वाट ओळखा, कागद सांभाळा, मंडळ नोंदवा, शाळा सोडू देऊ नका. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. वस्तीत खेळणारी मुले-मुली किती, त्यांची वये काय, कोणती शाळा, याची एक यादी करा. पहिले पान तेवढ्याने भरेल.

जयभीम!